यादीत राहून गेलेलं मैदान

बाळांनो,

तुम्ही दोघं डिसेंबरात येताय, म्हणून हे आत्ताच लिहून पाठवते आहे. परवा फोनवर थोरलीने आपल्या गावाचं पर्यटन पत्रक पडद्यासमोर धरलं. तुमचे बाबा दिवाळीत चार दिवस येऊन गेले, तेव्हा त्यांनी ते स्टेशनवरून उचललं होतं. "आजी, सहा ठिकाणं छापलेली आहेत आणि सातवं वरून चिकटवलंय. तेही वाकडं. असं का?" मी "आल्यावर सांगते" म्हणून फोन ठेवला. मग विचार केला, तुम्ही आल्यावर मी सांगायच्या आत बाजारातले पाच जण सांगतील आणि प्रत्येक जण माझी चूक वीत-वीतभर वाढवून सांगेल. त्यापेक्षा ती तिच्या खऱ्या मापात, माझ्याच अक्षरात तुमच्याकडे पोचलेली बरी.

रत्नागिरी जिल्ह्याचं ठाणं असलं तरी स्वभावाने बाजारगावच आहे. सकाळी मासळी घेताना आपण जे बोलतो, ते दुपारी भाजी घेताना आपल्याच कानावर परत येतं. पाहुणे इथे पूर्वीपासून येतात, पण थांबत नाहीत. पुण्या-मुंबईची गाडी येते, किल्ल्यावर जाते, दीपगृहाशी फोटो काढते, आरे-वारेच्या रस्त्याने समुद्र बघत गणपतीपुळ्याला पोचते आणि संध्याकाळी मोदक खाऊन "रत्नागिरी झालं" म्हणते. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिवस राहिलेला नामवंत पाहुणा म्हणजे ब्रह्मदेशचा राजा. तो तीस वर्षं राहिला. पण त्याला इंग्रजांनी कैदी म्हणून आणलं होतं, त्यामुळे त्यात आपल्या पाहुणचाराचं श्रेय फारसं नाही.

तर पाहुण्यांनी निदान एक रात्र राहावं म्हणून गावातल्या काही उत्साही मंडळींनी एक समिती काढली. अध्यक्ष झाला माझा एक जुना विद्यार्थी. त्याचं स्वतःचं लॉज आहे, म्हणजे पाहुण्यांच्या मुक्कामाची तळमळ अगदी आतून आलेली. तो पेढे घेऊन घरी आला. "बाई, पत्रकाचा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत तुम्हीच करा. तुम्ही केलंत की चूक निघायची नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा.

माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर मी तारीख लिहिते, आणि तुमचे बाबा त्यावरून मला हसतात. मी आधी नियम ठरवले. ठिकाण जुनं हवं. ते नऊ ते पाच उघडं हवं. आणि तिथे गेल्यावर पाहुण्याला बघायला काहीतरी हवं. या चाळणीतून सहा ठिकाणं खाली आली. किल्ला आणि त्यातलं देवीचं देऊळ, दीपगृह, त्या राजाचा राजवाडा, मांडवीची काळी वाळू, मत्स्यालय. (काळी वाळूसुद्धा नऊ ते पाच उघडी असते असं मी वेळापत्रकात लिहिलं होतं. अध्यक्षाने ते मला न सांगता खोडलं.) सहावं ठिकाण 'क्रीडा वारसा' या मथळ्याखाली, ते म्हणजे जुनी तालीम. तालमीत आता पळायची यंत्रं आली आहेत, पण एका कोपऱ्यात मल्लखांब अजून उभा आहे. त्यावर मुलं घामाचे टॉवेल वाळत घालतात. फोटोपुरते आम्ही ते काढायला लावले.

छापायला जाण्याआधी मी कागद माझ्या मैत्रिणीला दाखवायला नेला. तिला तुम्ही ओळखता. बाजारात आमसुलं आणि कुळथाचं पीठ विकते, दर वर्षी तुमच्यासाठी आंबोशी पाठवते आणि फोनवर तुम्हाला "जेवलास काय रे" एवढंच विचारते, तीच. तिने चष्मा लावून कागद खालपासून वरपर्यंत वाचला. ती सगळं खालून वाचते.

"यात आपलं मैदान कुठे आहे गो?"

"कुठलं मैदान?"

"कुठलं म्हणजे? तू ज्यावर बसत होतीस ते."

बाजाराच्या मागे, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून खोखोचं मैदान आहे, त्याबद्दल ती बोलत होती. बसत होतीस, हा टोमणा होता. तुम्ही खोखो पाहिलेला नाही, म्हणून सांगते. दोन टोकांना दोन खांब असतात. त्यांच्या मधल्या रेघेवर आठ जणी ओळीने उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळते आणि समोरच्या संघातल्या मुलींना शिवायला बघते. ती दमली किंवा तिला दिशा बदलायची असली, की बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून ती "खो" म्हणते आणि तिच्या जागी बसते. मग ती दुसरी उठून पळते. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. मी लहानपणी खोखो खेळायचे असं तुमच्या बाबांना मी बऱ्याचदा ऐकवलं आहे. ते खरं आहे. फक्त मी मुख्यतः बसायचे. एका मोठ्या सामन्यात मी खो मिळायच्या आधीच उठले, कारण मनातल्या मनात क्रम लावला होता आणि माझ्या हिशेबाने पाळी माझी होती. पंचांनी शिट्टी मारली. माझी मैत्रीण तेव्हा संघाची कप्तान होती. परकर खोचून ती खांबाशी असा सूर मारायची की बाजारातले लोक दुकानं अर्धवट लावून बघायला यायचे. तो सामना आम्ही हरलो. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. ती विसरलेली नाही.

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं. "दोन खांब आणि माती."

"नि किल्ल्यावर काय आहे? दगड नि वारा."

"किल्ला शेकडो वर्षांचा आहे."

"बरं. मग मैदानाचं तेवढं वय होईस्तो थांबते," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

पत्रक छापून आलं. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. मी ते दोनदा तपासलं आणि आठवडाभर मजेत होते.

मग समितीची सभा झाली. ज्यांच्याकडे असल्या जागांचा निर्णय असतो ते साहेबही आले होते. मोठे, शांत गृहस्थ, प्रत्येक गोष्ट वहीत लिहिणारे. दिवाळीच्या सुटीत बस येणार, त्या उभ्या कुठे करायच्या, हा प्रश्न होता. कुणीतरी मैदान सुचवलं.

"तिथे खेळतात ना?" साहेबांनी विचारलं.

"पाच-दहा पोरी," अध्यक्ष म्हणाला. "पाहुणा कुणी जात नाही. बाईंच्या यादीतसुद्धा ते नाही. बाई स्वतः म्हणाल्या आहेत, दोन खांब आणि माती."

मी हे त्याला म्हटलं नव्हतं. कुळथाच्या दुकानात म्हटलं होतं. पण आपल्या बाजाराचं मी वर सांगितलंच आहे. मी उठायला गेले आणि परत बसले. सभेत अध्यक्षांच्या परवानगीवाचून बोलायचं नाही, हा नियमही माझाच. साहेबांनी वहीत लिहिलं, येत्या शनिवारी जागा बघून ठरवू.

या मैदानावर काय अवलंबून आहे, हे मला पुरतं माहीत होतं, म्हणून जास्त लागलं. माझी मैत्रीण रोज दुपारी चारला दुकान सुनेच्या हवाली करते आणि बारा मुलींना खोखो शिकवते. त्यातल्या बहुतेक आतल्या गावांतून शाळेसाठी एसटीने येतात. साडेसहाची गाडी चुकली तर घरी पोचायची सोय नाही. एसटी स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ हे एकच मैदान. ते गेलं, तर दुसरं आहे ते पार गावाबाहेर. तिथे जाऊन, खेळून साडेसहाला परत स्टँडवर येणं शक्य नाही. म्हणजे मुलींचा खेळ बंद. आणि तिचाही. मुलींनी खेळणं सोडलं तर ती काय करेल, हा विचार मी बाजारातून घरापर्यंत केला. दुकानात ती बसेल. पण तिला बसता कधीच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे गेले.

"ऐकलंस?"

"गावाला कान आहेत."

"मी अर्ज लिहिते. मराठीत आणि इंग्रजीत. आज दुपारी देते नेऊन."

"लिही हो. शनिवारी मैदान चोपायचं आहे."

"अगो, शनिवारीच तर साहेब येणार आहेत!"

"येऊ देत की. एक चोपणं जास्तीचं ठेवते."

चोपणं म्हणजे लाकडाचं जाड, चपटं, मुठीपाशी वाकलेलं बडवणं. धाकट्याने बघितलं तर तो त्याला क्रिकेटची बिघडलेली बॅट म्हणेल. आपल्याकडे पावसात अंगण उखडतं, म्हणून दसऱ्यानंतर नवी माती पसरून, पाणी मारून ते चोपण्याने बडवून गुळगुळीत करतात. आमचं मैदान कातळावर आहे, त्यावर वीतभर माती काय ती असते आणि पाऊस तिची वाट लावतो. म्हणून आम्ही खेळायचो तेव्हापासून एक रीत आहे. पावसाळ्यानंतर मैदान जुन्या खेळाडू चोपतात. ज्या मुली आता खेळणार आहेत, त्यांनी फक्त पाणी आणून द्यायचं. लग्न होऊन गेलेल्या, आज्या झालेल्या, सगळ्या येतात. मी बरीच वर्षं गेले नव्हते. गुडघ्याचं कारण होतं. बाजारात जायला न दुखणारा गुडघा त्या एका दिवशी बरोबर दुखायचा.

अर्ज नेऊन दिला, त्यावर पोचेचा शिक्का तेवढा मिळाला. त्या शनिवारी मात्र माळ्यावरून चोपणं काढलं, कोळिष्टकं झाडली आणि गेले. वीस-बावीस जणी जमल्या होत्या. एक तर पहाटेच्या एसटीने दापोलीहून आली होती, स्वतःचं चोपणं गोणपाटात बांधून. तिकीट काढताना कंडक्टरने विचारलं, "मावशी, हे कुणाच्या डोक्यात घालायचंय?" ती म्हणाली, "उद्घाटन तुझ्यापासनं करू काय?"

मैत्रिणीने मला बघितलं. "गुडघा?"

"बरा आहे."

"बस मग. तुझीच जागा आहे, मधली."

आम्ही ओळीने बसलो आणि चोपायला लागलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की कुणी न सांगता एकीचं तोंड इकडे आणि एकीचं तिकडे होतं.

नऊच्या सुमारास रस्त्यावर पुण्याचा एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबला. किल्ल्याचा रस्ता विचारायला उतरलेल्या बाई आम्हाला बघून तिथेच उभ्या राहिल्या. मागून नवरा, दीर, जावा, मुलं, सगळे फोन वर करून आले.

"काकू, आज कोणता सण आहे हो?"

"जमीन बडवायचा," मैत्रीण म्हणाली.

"किती छान! आमच्याकडे हे सगळं राहिलंच नाही हो."

"जमीन आहे ना? मग बडवा." असं म्हणून तिने जास्तीचं चोपणं पुढे केलं. त्या बाईंनी पर्स जावेकडे दिली, ड्रेसच्या बाह्या वर केल्या आणि खरंच बसल्या. दोन फटके मारले, हलके, अंतराअंतराने.

"अगो, पापड नाहीत लाटायचे. जोरात मार. तिला लागत नाही."

ओळीतल्या सगळ्या हसलो. तिसरा फटका मात्र चांगला बसला. पंधरा मिनिटांत पुण्याच्या तीन जणी, आमच्यातल्या दमलेल्यांची चोपणी घेऊन, ओळीत होत्या आणि त्यांच्यातले पुरुष मुलींबरोबर पाण्याच्या बादल्या वाहत होते. बादली कशी धरायची, यावर त्यांचे आपसात मतभेद होते.

साहेब आले, तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर मैदानाच्या तोंडाशीच आडवा उभा होता. त्यांना आपली गाडी बाजारात ठेवून चालत यावं लागलं. अध्यक्ष बरोबर होता, पत्रकांचा गठ्ठा हातात घेऊन. ओल्या मातीत साहेबांचा पाय पडणार, एवढ्यात मैत्रीण ओरडली, "साहेब, चपला बाहेर!"

साहेबांनी बूट काढले. मोजे काढून बुटांत नीट ठेवले. मला हा माणूस तेव्हाच आवडला.

पुण्याच्या बाई चोपणं टाकून उठल्या. त्यांना वाटलं, पत्रक काढणाऱ्यांचे मुख्य साहेबच. "अहो, तुमच्या पत्रकात हे कुठेच नाही! काल आम्ही तुमची तालीम बघितली. खांबावर टॉवेल वाळत होते. ते आहे पत्रकात आणि हे नाही? असं कसं?"

अध्यक्षाने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने ते फार काळजीपूर्वक टाळलं. साहेब म्हणाले, "खरंच. ही यादी केली कुणी?"

चोपण्यांचा आवाज थांबला. मी ओळीत मध्ये बसलेली, समोरच्या मातीकडे बघत. वर्गात इतकी वर्षं मी मुलांना विचारत आले होते, ही चूक कुणाची, उभं राहून सांगा. आणि आता मीच बसून होते. तेवढ्यात पाठीवर सणसणीत थाप बसली.

"खो!"

मी उठले. गुडघा वाजला, सगळ्यांना ऐकू गेला. माझ्या जागी ती बसली आणि तिने माझं चोपणं उचललं.

"यादी मी केली," मी म्हटलं. "मैदान मी ठरवून वगळलं. याच मातीवर मी खेळले, आणि तरी ते मला दाखवण्यासारखं वाटलं नाही. चूक माझी आहे. ती मैदानाच्या नावावर लावू नका. रोज इथे बारा मुली साडेसहाच्या एसटीआधी खेळतात, त्यांना दुसरीकडे जाता येणार नाही."

साहेबांनी वहीत 'बारा मुली, साडेसहा' एवढं लिहिलं. मग म्हणाले, "बाई, पण बस मी उभ्या कुठे करू? किल्ल्यावर तर तेवढी जागा नाही."

उत्तर ओळीतून आलं. मैत्रीण चोपता चोपताच बोलली. "पूर्वेची पट्टी घ्या. तिथे बघे उभे राहतात. खेळाच्या मापाला ती लागत नाही. मोजा नि बघा."

ती पट्टी तिने स्वतःहून दिली, हे मला अनपेक्षित होतं. त्याच पट्टीवरून एके काळी बाजार तिला बघत असे. साहेबांनी अनवाणी चालत टेप धरला, दुसरं टोक पुण्याच्या एका दिराने धरलं. माप तिने सांगितलं तेवढंच निघालं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण कागदावर मला काहीतरी आधार लागेल. पत्रकात हे ठिकाण असतं, तर मी लिहू शकलो असतो. सोमवारी मी मंजुरीसाठी टिपण वर पाठवतोय."

अध्यक्ष आता पुढे झाला. "बाई, शुद्धिपत्र?"

शनिवारी दुपारी त्याने चिठ्ठ्या छापून आणल्या. मजकूर माझा, पण मैत्रिणीने पाठीमागे उभं राहून सांगितलेला: 'खोखोचं मैदान. दोन खांब आणि माती. दसऱ्यानंतर जुन्या खेळाडू मैदान चोपतात. रोज साडेचार ते सहा खेळ. चपला बाहेर.' नऊ ते पाचचा माझा नियम त्यात बसत नव्हता. मी तसंच लिहून दिलं होतं.

रविवारभर माझ्या पडवीत बसून आम्ही दोघींनी शिल्लक असलेल्या सगळ्या पत्रकांवर त्या चिकटवल्या. गव्हाची खळ तिने करून आणली होती. मी पट्टी लावून, कडेला कड जुळवून चिकटवत होते. ती नुसती थापत होती.

"अगो, वाकडं जातंय तुझं."

"जाऊ दे. सरळ लावलं तर छापलेलं वाटतं, कोण वाचत नाही. वाकडं असलं की माणूस विचारतो, हे काय."

थोरलीने नेमकं तेच विचारलं. फोन ठेवल्यावर मी हे मैत्रिणीला सांगायला गेले, तर ती फक्त म्हणाली, "पोर हुशार आहे. तुझ्यावर नाही गेली." चिकटवून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, एक पत्रक साहेबांच्या टिपणाला जोडून गेलं. ते मात्र मी माझ्या गठ्ठ्यातलं, सरळ चिठ्ठीचं दिलं.

निर्णय दिवाळीआधी आला. पूर्वेची पट्टी गेली, तिथे बस उभ्या राहतात. सामने असले की लोक बसच्या पायऱ्यांवर चढून बघतात आणि ड्रायव्हर त्यांना ओरडतात, मग स्वतःही बघत राहतात. मुली यंदा दुसऱ्या फेरीत हरल्या. त्यावर मैत्रिणीने तिसऱ्याच दिवशी त्यांना पुन्हा खांबाशी सूर मारायला लावलं. पाहुणे येतात थोडे. काही जण मैदान कधी चोपतात म्हणून विचारतात, आणि पुढच्या वर्षी असं सांगितलं की हिरमुसतात. अध्यक्षाच्या लॉजमध्ये त्यामुळे कुणी एक रात्र जास्त राहिलं की नाही, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

तुम्हाला मी सगळं दाखवीन, किल्ला, राजवाडा, काळी वाळू, टॉवेलसकट तालीम. मैदानावर मात्र साडेचारला जायचं, आणि तुमचे ते फीतवाले बूट बाहेर काढायचे.

मैदान आहे. पूर्वेकडून अरुंद झालं आहे, पण खेळाच्या मापाचं आहे. दोन्ही खांब आपापल्या जागी आहेत, माती यंदा चांगली बसली आहे, आणि साडेसहाच्या एसटीआधी बारा मुली रोज तिथे खेळतात.